‘कामगार’ : जुन्या वृत्तपत्रांतील एका शब्दाचा माग

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पदव्युत्तर वर्गात वाचला जात असता एका ठिकाणी विद्यार्थी हमखास अडखळतो. ग्रंथाच्या उपोद्घातातच ‘कामगार’ हा शब्द येतो आणि पुढे तो पुनःपुन्हा येत राहतो. त्याच्याआधी कधी ‘सरकारी’, कधी ‘गोरे’, कधी ‘ब्राह्मण’ किंवा ‘भट’ अशी विशेषणे लागलेली असतात. आजच्या वाचकाच्या मनात ‘कामगार’ म्हणताच गिरणीचा भोंगा, पाळी, संप आणि लाल बावटा उभा राहतो. शेतकऱ्यावर जुलूम करणाऱ्यांच्या यादीत हा कामगार कसा येऊन बसला, हे त्याला उमगत नाही. काही जण तो शब्द छापखान्याची चूक समजून पुढे सरकतात. काही जण त्याहून घातक वाट धरतात, म्हणजे फुले यांना श्रमिकांविषयी काही आकस होता की काय, अशी शंका घेतात.

अडचण शब्दाच्या अर्थाची आहे. १८८३ साली सिद्ध झालेल्या या ग्रंथात ‘कामगार’ म्हणजे सरकारी अधिकारी किंवा कारकून. कलेक्टरापासून कचेरीतील लेखनिकापर्यंत जो कोणी सरकारचे काम चालवितो, तो कामगार. खातेनिहाय प्राबल्य, लाच, कागदपत्रांतील लबाडी, रयतेची नाडणूक, अशा शब्दांच्या सहवासात तो वावरतो. मजुरीशी त्याचा संबंध नाही.

हे एकदा ध्यानात आले की विषय ग्रंथापुरता राहत नाही. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ या पत्रात प्रसिद्ध झाली होती. ‘दीनबंधू’ कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात सुरू केला आणि १८८० पासून मुंबईत त्याची धुरा नारायण मेघाजी लोखंडे यांनी वाहिली. याच लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. आज त्यांचा उल्लेख भारतीय कामगार चळवळीचे जनक असा केला जातो आणि २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकिटही काढले. म्हणजे ज्या संपादकाच्या नावाशी ‘कामगार’ हा शब्द आज सर्वाधिक निगडित आहे, त्याच्याच पत्राच्या स्तंभांत हा शब्द जवळजवळ उलट टोकाच्या माणसासाठी छापला जात होता. या दोन टोकांमध्ये शब्दाने कोणता प्रवास केला, याचा माग घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाच्या घडणीविषयी. ‘गार’ हा फारसी प्रत्यय मराठीत गुन्हेगार, मदतगार, खिदमतगार या शब्दांतून परिचित आहे. फारसीत ‘कामगार’ असा एक शब्द आहेच, परंतु तेथील ‘काम’ म्हणजे इच्छा. ज्याची इच्छा पुरी झाली तो, अर्थात भाग्यवान, यशस्वी, असा त्याचा अर्थ होतो. मोगल दरबारात कामगारखान नावाचा सरदार सापडतो तो या अर्थाने. मराठीने मात्र या शब्दातील ‘काम’ आपल्या ‘काम’प्रमाणे, संस्कृत ‘कर्म’पासून आलेल्या शब्दाप्रमाणे, वाचले. रूप फारसी आणि आशय देशी, अशी ही जोड आहे. व्युत्पत्तीच्या आधारे शब्दाचा अर्थ ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे, कारण येथे व्युत्पत्ती भाग्यवंतापाशी नेऊन सोडते आणि वापर कचेरीत.

कचेरीआधी गाव पाहिले पाहिजे. या शब्दाचा खरा उलगडा गावाच्या कारभारात होतो. पाटीलकी किंवा कुलकर्णीपण हे वतन असे आणि वतन एका कुळाचे असे. पिढ्या वाढत त्या कुळाच्या शाखा होत, हक्क भाऊबंदांत वाटला जाई. परंतु सरकारचा वसूल गोळा करणे, गावाची राखण पाहणे, कचेरीत हजर होणे ही चाकरी एका वेळी एकानेच करावयाची असे. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांविषयीच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने हा भेद नेमका करून ठेवला. वतनाचा हक्क असणारे अनेक, त्यांतून प्रत्यक्ष काम चालविणारा एक. हा काम चालविणारा तो ‘कामगार पाटील’. ‘गाव कामगार’ हे संबोधनही याच अर्थाने रूढ झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘कामगार’ हा शब्द हुद्द्याची उंची सांगत नाही. हक्क कोणाचा आणि काम कोण करतो, या दोहोंमधील फरक तो दाखवितो. वतनदार घरी बसूनही वतनदारच असतो. कामगार मात्र काम करीत आहे तोवरच कामगार. सरकारी अधिकाऱ्याला हा शब्द लागला त्याचेही कारण हेच दिसते. राज्य कंपनीचे किंवा पुढे राणीचे, त्या राज्याचे काम प्रत्यक्ष हाताळणारा तो कामगार. फुले यांच्या टीकेची धार या भेदावरच उभी आहे. गोरे अधिकारी ऐषआरामात गुंतलेले, त्यामुळे काम हाताखालच्यांच्या हाती गेलेले आणि काम ज्याच्या हाती त्याचीच सत्ता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ‘अधिकारी’ हा शब्द योजून हा युक्तिवाद तितका नेमका झाला नसता. अधिकार कागदावर एकाचा आणि काम दुसऱ्याच्या हाती, हे दाखविण्यास ‘कामगार’ हाच शब्द उपयोगी होता. नव्या आवृत्त्यांच्या तळटिपांत ‘कामगार म्हणजे अधिकारी’ एवढेच लिहून भागते असे नाही, ते यासाठी.

‘दीनबंधू’ने ‘असूडा’ची पुढील प्रकरणे छापली नाहीत आणि फुले यांनी या भित्रेपणाबद्दल आपली नाराजी नोंदवून ठेवली. चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग दोन व्यक्तींमधील मतभेद म्हणून सांगितला जातो. परंतु त्यामागे दोन वेगवेगळ्या कामगारांची ओढही पाहता येईल. फुले यांचे लक्ष कचेरीतील कामगारावर होते. लोखंडे मुंबईत होते. त्यांनी स्वतः एका कापड गिरणीत भांडारपालाचे काम केले होते आणि त्यांच्या दारी जो वर्ग येत होता त्याला अद्याप हे नाव मिळालेले नव्हते. ही मांडणी अनुमानाची आहे, पण मतभेदाच्या काळातील शब्दसंपत्ती पाहता ती अगदीच निराधार ठरू नये.

मग गिरणीतील माणसाला त्या काळी काय म्हणत? मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये चालू झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. म्हणजे कोशाची सामग्री गोळा होत होती तेव्हा हा माणूस जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. कोशात गिरणी कामगार शोधणे व्यर्थ, हे उघड आहे, तरी अभ्यासक तसे करताना दिसतात. नवा माणूस आला तेव्हा मराठीपाशी त्याच्यासाठी जुना, घासलेला शब्द होता तो ‘मजूर’. गिरणीच्या आत मात्र प्रत्येकाला त्याच्या कामाचे नाव होते. मागावर उभा राहणारा साचेवाला, त्यांच्यावर जॉबर किंवा मुकादम, रोज सकाळी दारापाशी काम मिळण्याची वाट पाहणारा बदली. इंग्रजीत हे सर्व ‘मिल हँड्स’, म्हणजे गिरणीचे हात. हातांना पगार मिळतो, परंतु हातांना तोंड नसते. तोंड दिले ते १८८४ च्या अर्जाने. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, या त्या अर्जातील मागण्या. त्यांपैकी साप्ताहिक सुटी १८९० च्या जून महिन्यात पदरात पडली.

या संस्थेचे नाव आजच्या मराठी लेखनात ‘गिरणी कामगार संघ’ किंवा तत्सम रूपात दिले जाते. भाषांतर म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु ते १८८४ च्या शब्दप्रयोगाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. विसाव्या शतकातील चरित्रकाराने आपल्या काळचा शब्द मागे नेऊन ठेवला, आणि त्याच्या ग्रंथावरून उतरून घेणाऱ्याने तो मूळचाच मानला, असे अनेकदा होते. शब्दाचा इतिहास लिहिताना चरित्रे आणि स्मरणिका बाजूला ठेवून छापील अंकापर्यंत जावेच लागते.

अंकापर्यंत जाणे सोपे नाही. जुन्या मराठी पत्रांच्या फायली पुष्कळदा खंडित असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अभ्यासक बहुधा सरकारच्या ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स’कडे वळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी सारांश सरकारसाठी नियमितपणे तयार होत असे. हे अहवाल राजकीय इतिहासाला अमोल आहेत. शब्दाच्या इतिहासाला मात्र त्यांचा उपयोग नाही, कारण त्यांत शब्दच उरलेला नसतो. एका पत्रातील ‘कामगार’ तेथे ‘ऑफिशियल’ होतो, दुसऱ्या पत्रातील मजूर ‘मिल-हँड’ होतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये मराठीत जी हालचाल चालली होती तिचा मागमूस राहत नाही. चळवळींच्या इतिहासाची बरीचशी इमारत या सारांशांवर उभी असल्याने, मराठी शब्द कसे बदलले हा प्रश्न तेथे फारसा विचारलाच गेला नाही.

मूळ अंक हाती आला तरी शब्द सापडणे म्हणजे अर्थ सापडणे नव्हे. अलीकडे जुनी पत्रे पडद्यावर पाहता येऊ लागली आहेत आणि शब्द देऊन शोध घेण्याची सोयही काही ठिकाणी झाली आहे. ‘कामगार’ शब्द टाकला की ओळींची रास समोर येते. त्या राशीतून कोणता कामगार कचेरीतला आणि कोणता गिरणीतला, हे यंत्र सांगत नाही. ते शेजारचे शब्द सांगतात. ज्या वाक्यात खाते, कचेरी, दाद, चौकशी, लाच, बदली हे शब्द आहेत तेथे तो अधिकारी असण्याचा संभव अधिक. (‘बदली’ने फसू नये, कचेरीत ती एका गावाहून दुसऱ्या गावी होते, गिरणीत ती गैरहजर माणसाच्या जागी दुसरा उभा राहिल्याने होते.) ज्या वाक्यात मालक, तास, खाडा, संप येतात तेथे गिरणी. आणखी एक कसोटी विरोधी पदाची आहे. जुन्या अर्थात कामगाराच्या समोर रयत उभी असते. नव्या अर्थात त्याच्या समोर मालक उभा असतो. वाक्यात समोर कोण आहे ते पाहावे, म्हणजे बहुतेक गोंधळ मिटतो. पहिल्या कामगारापुढे अर्जदार हात जोडतो आणि दुसरा कामगार स्वतःच अर्जदार असतो.

अर्थांतर पुरे झाल्याची निर्विवाद खूण संस्थांच्या नावांत मिळते. नाव हे जाहीर असते, ते ज्यांच्यासाठी घेतले त्यांना समजावे लागते, म्हणून ते चांगला साक्षीदार ठरते. १९०९ साली मुंबईत ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन झाली. सीताराम केशव बोले हे तिच्या चालकांपैकी एक. सभेने ‘कामगार समाचार’ नावाचे पत्रही चालविले. या नावातील कामगार म्हणजे मामलेदार कचेरीतला कारकून, असा समज मुंबईत त्या वेळी कोणी करून घेतला असेल असे वाटत नाही. म्हणजे ‘असूडा’च्या १८८३ पासून १९०९ पर्यंतच्या सव्वीस वर्षांत शब्दाने कूस बदलली. याच सव्वीस वर्षांत १८९१ चा सुधारित कारखाना कायदा आला, १८९६ ची प्लेग आली, गिरण्या ओस पडल्या आणि पुन्हा भरल्या, आणि १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा होताच गिरण्यांतील माणसे सहा दिवस कामावर गेली नाहीत. हा माणूस आता शहराच्या राजकारणात मोजला जाऊ लागला होता, आणि मोजल्या जाणाऱ्याला नाव लागते.

पण ‘मजूर’ हा शब्द असताना नवे नाव का? मजूर म्हटला की रोजंदारी, अंगमेहनत आणि आज येथे तर उद्या तेथे असे जिणे डोळ्यांसमोर येते. गिरणीतील माणूस महिन्याच्या पगारावर होता. साचा चालविणे हे शिकून येणारे काम होते, त्याचे एका खात्याशी नाते होते. मजूर या शब्दात खात्याला जागा नव्हती. दुसरीकडे कचेरी स्वतःच ‘कामगार’ हा शब्द सोडू लागली होती. ‘अधिकारी’, ‘अंमलदार’ हे शब्द वरिष्ठांसाठी स्थिरावले, खालच्यांसाठी ‘नोकर’ आणि पुढे ‘कर्मचारी’. टिळकयुगातील राजकीय लेखनाने ‘नोकरशाही’ हा शब्द तर असा रुजविला की सरकारी माणसावर टीका करावयाची झाल्यास ‘कामगार’ म्हणण्याचे प्रयोजनच उरले नाही. एका बाजूने रिकामी होत असलेली जागा आणि दुसऱ्या बाजूने जागा शोधणारा समूह, अशी ही गाठ पडली असावी. आणि मूळच्या अर्थाने तिला मज्जाव केला नाही. वतन एकाचे, काम दुसऱ्याचे. गिरणी एकाची, काम दुसऱ्याचे. पाटलाच्या वाड्यापासून गिरणगावातील चाळीपर्यंत अंतर पुष्कळ असले तरी या बाबतीत शब्दाला आपली जागा ओळखीचीच वाटली असेल.

तरीही बदल सरळ रेषेत झाला, असे मानू नये. १९२० नंतरच्या दशकात ‘कामकरी’ हा शब्द जोरात होता. डाव्या विचारांच्या मंडळींनी १९२७ च्या सुमारास जो पक्ष बांधला तो ‘कामकरी शेतकरी पक्ष’. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या मोठ्या संपात पुढे आली ती मात्र ‘गिरणी कामगार युनियन’. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो ‘स्वतंत्र मजूर पक्ष’, आणि १९४७ मध्ये निघाला तो ‘शेतकरी कामगार पक्ष’. आंबेडकरांनी ‘मजूर’ स्वीकारला यात भाषेचा मागासलेपणा पाहणे चूक ठरेल. ब्रिटनमधील ‘लेबर पार्टी’ला मराठी पत्रे ‘मजूर पक्ष’ म्हणत होती आणि अजूनही म्हणतात. त्या नावाचा संदर्भ तेथे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्यासाठी हा पक्ष होता, त्यांतील फार मोठा भाग गिरणीच्या आत नव्हता. तो शेतावर, वेठीवर, खोताच्या जमिनीवर राबत होता. आत असलेल्यांनाही कापड विणण्याच्या खात्यात, जेथे पगार बरा मिळे, तेथे अस्पृश्यतेमुळे शिरकाव नव्हता. ‘कामगार’ हे नाव ज्या खात्याच्या आधारे मोठे झाले, त्या खात्याचे दारच त्यांना बंद होते. तेव्हा ‘मजूर’ हा शब्द अधिक रुंद होता आणि अधिक खराही.

ही दरी आजही मिटलेली नाही. शेतात राबणारा ‘शेतमजूर’च राहिला, ‘शेतकामगार’ झाला नाही. ओझी वाहणारा हमाल १९६९ च्या कायद्यानंतर ‘माथाडी कामगार’ झाला. पुण्यात मात्र बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने ‘हमाल पंचायत’ हेच नाव अभिमानाने ठेवले. ऊस तोडणाऱ्याला कधी मजूर म्हणतात, कधी कामगार, आणि ते कोण म्हणतो यावर बरेच अवलंबून असते. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया ‘मोलकरणी’ होत्या. २००८ च्या कायद्याने त्या ‘घरेलू कामगार’ झाल्या. अंगणवाडीतील स्त्री मात्र ‘सेविका’च आहे, कारण कामगार म्हटले की वेतन, तास आणि निवृत्तिवेतन हे सारे मागोमाग येते. वृत्तपत्रांच्या आजच्या अंकांत कोणाला ‘कामगार’ म्हटले आहे आणि कोणाला नाही, याची नोंद पुढील संशोधकाने जरूर करावी.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासाची गरज दोन ठिकाणी लागते. ‘कामगार साहित्य’ ही संज्ञा वापरताना ती कोणत्या काळापासून वापरता येईल, हा पहिला प्रश्न. मामा वरेरकर यांच्या ‘धावता धोटा’पासून अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांच्यापर्यंत ती बिनदिक्कत चालते. फुले यांच्या लेखनाला तिच्या कक्षेत ओढताना मात्र, त्यांनी हा शब्द कोणासाठी वापरला हे आधी सांगावे लागेल. दुसरे ठिकाण संपादनाचे. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’ची पहिली आवृत्ती १९६९ साली निघाली. तेव्हाच्या वाचकांपैकी जुन्या पिढीला कचेरीतील कामगार कदाचित ठाऊक असेल. आज तसे गृहीत धरता येत नाही, आणि हा शब्द टीपेविना छापणे म्हणजे वाचकाला चुकीच्या माणसाकडे पाठविणे होय.

जुना अर्थ अगदी परवापर्यंत एका कोपऱ्यात टिकून होता. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली, परंतु वतने जाऊनही ‘गाव कामगार’ हे पद तलाठ्याच्या आणि पोलीस पाटलाच्या नावाला चिकटून राहिले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तलाठ्याचे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांवर मात्र, खालच्या बाजूला गोल शिक्क्यात, ‘गाव कामगार तलाठी’ ही अक्षरे आहेत. ज्या शेतकऱ्याच्या ट्रंकेत ते उतारे आहेत, त्याचा मुलगा एखाद्या कारखान्यात कामगार असेल.